पत्र्याचे चार तुकडे

एप्रिल. ओंगरमानलांडात बर्फ मागे सरतोय,
हिवाळाभर रस्त्यावर टाकलेली खडी
उघडी पडलीय, जेवणानंतर मेजावर चुरा राहावा तशी.
शेडचं दार अर्धंच उघडतं. तेवढं पुरे.

सदुसष्ट सालची व्होल्वो, बाटलीहिरवी,
पुढून डावीकडे जॅकवर उचललेली,
कुत्र्यानं खांबापाशी पाय वर करावा तशी.
माझं ऐकायचं की नाही, तिचं अजून ठरलेलं नाही.

चाक काढलं. चाकामागे पप्पांचं जग,
मिठानं खाल्लेलं, तेलकट,
पण एकाही नटाची कड गेलेली नाही.
हाल्वार एकसन माणसांशी कसेही वागले असतील,
नटांशी नीट वागले.

दुफाटी पिना सरळ करून ओढल्या.
एक तुटली. तुटणारच होती.
जुने पॅड निघाले: एक राईच्या कडक पावाइतका जाड,
दुसरा नखाएवढा.
एकाच चाकाला दोघं धरून, आणि झीज अशी.
कुठला तरी पिस्टन मनापासून काम करत नव्हता.
असली घरं मला ठाऊक आहेत.

पिस्टन मागे ढकलला, हळू. वरच्या डबीत तेल चढू लागलं.
उतू जाऊ नये म्हणून त्यावर नजर ठेवली,
आई दुधावर ठेवायची तशी,
तिला दिसत होतं तेव्हा.

पिना शोधताना ते सापडले.
कॉफीच्या डब्यात, तळाशी, मेणकागदात गुंडाळलेले
पत्र्याचे चार तुकडे, पॅडच्या पाठीला लागतात ते.
प्रत्येकावर ठोकलेला बाण: चाक पुढे फिरतं ती दिशा.
एकदाही न वापरलेले. पन्नास वर्षं.
कागदावर सुतारी पेन्सिलीनं एकच शब्द:
नकोत.

म्हणून ती किंचाळायची!
दुधाच्या कॅनांच्या ओट्याजवळ, वळणावर, रोज साडेपाचला.
ट्यूकोचा कुत्रा उठून बसायचा,
पोस्टातली बाई घड्याळ लावून घ्यायची,
शाळेत पोरं माझ्या तोंडावर त्या ब्रेकची नक्कल करायची,
आणि मी ठरवलं होतं, मोठी झाले की
मुकी गाडी घेईन.

घेतली. विजेवर चालते.
सुंड्सवालमध्ये मी घरी कधी येते
कुणालाच कळत नाही.

असो. तांब्याचं ग्रीस. फक्त पाठीला, अगदी पातळ,
घासणाऱ्या तोंडाला बोटसुद्धा लागता कामा नये.
पत्रा बसवला, बाण पुढे. पॅड सरकवला.
नवी पिन, टोकं दुमडून.
मग उजवी बाजू: तेच सगळं, आरशातल्यासारखं,
आणि आरशात माझी नेहमी चूक होते,
म्हणून बाण दोनदा पाहिला.
पेडल दाबलं. पहिल्यांदा थेट तळाला.
दुसऱ्यांदा भुसभुशीत. पाचव्यांदा
खालून कुणीतरी पाऊल झेलावं तसं घट्ट.

चक्कर मारली. वळणावर ब्रेक दाबला.
थांबली. नुसती थांबली.
ओहोळाचा आवाज आला.
त्या वळणावर ओहोळ आहे,
हे एवढ्या वर्षांत मला माहीत नव्हतं.
ट्यूकोचा कुत्रा, आताचा तिसरा, हललाही नाही.

आई पायरीवर होती, एक हात चौकटीला,
कान रस्त्याकडे. मी जवळ जाऊन बोलले
तेव्हा केवढ्यानं तरी दचकली.
"कधी आलीस? कॉफी ठेवलीच नाही मी अजून."
मग, जरा थांबून: "ब्रेक लागत नाहीत का?"

"लागतात, आई."

"मग बरं," ती म्हणाली.
भिंत चाचपत आत गेली, किटली भरली,
आणि झाकण लावता लावता
पुन्हा रस्त्याकडे कान दिला.